हे कापड कुणी मोजलंय?

फायबरच्या मोठ्या कामांच्या निविदांमध्ये अलीकडे एक अट दिसू लागली आहे : ‘प्रोसेस सिम्युलेशन रिपोर्ट सोबत जोडावा.’ अट चांगली आहे. माझं पोट तिच्यावर चालतं, तेव्हा मी तरी तिला नावं ठेवू नयेत. पण या अटीपायी जे कागद तयार होतात ते मी जवळून बघते. त्यातल्या बऱ्याच कागदांचा कारखान्यात बनणाऱ्या वस्तूशी काडीचा संबंध नसतो. निळ्यापासून लालपर्यंत रंगत गेलेलं एक चित्र, कोपऱ्यात सॉफ्टवेअरचं नाव, शेवटच्या पानावर सही-शिक्का. साहेब खूश, ग्राहक खूश. कधीकधी तर वस्तू आधी बनते आणि रिपोर्ट मागाहून.

मी मेकॅनिकलची इंजिनियर. भोसरी, चाकण, कोल्हापूरजवळची शिरोली, कुडाळ अशा एमआयडीसींमधल्या लहान-मध्यम कारखान्यांना हे सिम्युलेशनचं गणित करून देणं हा माझा धंदा. फायबर ही चीज वाचकांना नवी नाही. रेल्वेच्या डब्यातलं बाथरूम, कोकणातल्या मच्छीमारांच्या होड्या, धुळ्याच्या माळावरच्या पवनचक्क्यांची पाती, सगळी त्याचीच. ६ ऑक्टोबर २०२२ ला मुंबई-गांधीनगर वंदे भारतने म्हशींच्या कळपाला धडक दिली आणि गाडीचं नाक निखळलं, ते नाकही फायबरचंच. सिमेंटमध्ये सळई असते तसं यात काचेच्या धाग्याचं कापड असतं : ताण धागा घेतो, रेझिन त्याला जागेवर धरून ठेवतं. विमानात काचेऐवजी कार्बन. बोइंग ७८७ च्या वजनातला निम्मा भाग असल्याच मालाचा आहे आणि आपल्या तेजसमध्येही तो भरपूर आहे.

ब्रशने रेझिन लावून वरून रोलर फिरवायचा, ही झाली जुनी पद्धत. टाक्या, बाकडी, पत्रे अजून तसेच बनतात आणि त्यांना माझ्या गणिताची गरज नाही, हे मी कामावर पाणी सोडून सांगते. गरज पडते ती इन्फ्यूजनमध्ये. साच्याला वॅक्स लावायचं, जेलकोट मारायचा, त्यावर कोरडं कापड थरावर थर अंथरायचं. वर पील प्लाय, त्यावर रेझिन पळवणारी जाळी आणि सगळ्याच्या वर प्लॅस्टिकची बॅग. चारी कडांना चिकट टेप लावून बॅग बंद केली की पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. बॅग कापडावर आवळून बसली, कुठे गळत नाही याची खात्री झाली, की दुसऱ्या टोकाची नळी रेझिनच्या बादलीत सोडायची. आता बाहेरच्या हवेचा दाबच रेझिनला आत ढकलतो. पांढरं कापड भिजलं की पारदर्शक दिसायला लागतं आणि ती ओली कड पुढे सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसते.

बादलीत कॅटॅलिस्ट पडला त्या क्षणापासून घड्याळ चालू झालेलं असतं. पाऊण तास म्हणा, दीड तास म्हणा, तेवढ्यात रेझिन जेल व्हायला लागतं. ओली कड तोवर शेवटच्या टोकाला पोचली नाही, किंवा दोन बाजूंनी फिरून मध्येच हवेला कोंडून बसली, तर तिथे कोरडा डाग राहतो. डाग छोटा असेल तर घासून भरता येतो. मोठा असेल तर कापड, रेझिन, बॅग, चार माणसांचा दिवस, सगळंच पाण्यात. हा माल लोखंडासारखा वितळवून पुन्हा वापरता येत नाही. एकदा जमलेलं रेझिन जमलं. फायबरच्या कुठल्याही कारखान्याच्या मागे जाऊन कुंपणालगतचा ढीग बघावा, मग सिम्युलेशन कशासाठी करायचं हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

ती ओली कड कधी, कुठे पोचेल हे आधी सांगायचं, एवढंच माझं काम. त्यामागचा नियम जुना आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणी पुरवणारा इंजिनियर आंरी दार्सी याने वाळू भरलेल्या उभ्या नळीतून पाणी सोडून मोजमापं घेतली आणि १८५६ साली ती छापली. दाब जास्त तर प्रवाह जास्त, वाट लांब तर प्रवाह कमी, आणि वाळू वाळूत फरक. वाळूच्या जागी कापड आणि पाण्याच्या जागी रेझिन ठेवलं की आमचा विषय सुरू होतो. आयआयटी मुंबईतून शिकून अमेरिकेत गेलेले सुरेश अडवाणी यांनी डेलावेअर विद्यापीठात सहकाऱ्यांबरोबर याच कामासाठी ‘लिम्स’ नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं. आज बाजारात विकतची चार-पाच आहेत. ज्याला जमेल त्याला ओपनफोम हे फुकटातलंही आहे, २००४ पासून खुलं.

आता थोडं गणित. एक मीटर लांबीची पट्टी घ्या. तिच्यात अर्धी जागा धाग्यांची, अर्धी मोकळी. रेझिन पाण्याच्या अडीचशेपट घट्ट, पंपाची ओढ ०.९ बार, वर पळवणारी जाळी नाही. काचेच्या कापडासाठी पुस्तकात सहज सापडेल असा एक आकडा घातला, तर रेझिनला त्या टोकाला पोचायला १ तास ५६ मिनिटं लागतात. आणि अर्ध्या मीटरच्या पट्टीला? फक्त २९ मिनिटं. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. अनुभवी मिस्त्रीला वर्ग-बिर्ग ठाऊक नसला तरी हे हातात बसलेलं असतं, म्हणूनच तो मोठ्या साच्यात न विचारता मधोमध आणखी एक नळी टाकतो.

खरी गोम त्या ‘पुस्तकात सहज सापडेल’ अशा आकड्यात आहे. त्याला पर्मिएबिलिटी म्हणतात, म्हणजे कापड रेझिनला किती वाट देतं ते. वरच्याच पट्टीसाठी हा आकडा दुप्पट धरला तर वेळ येतो ५८ मिनिटं. निम्मा धरला तर ३ तास ५१ मिनिटं. सॉफ्टवेअर तेच, साचा तोच, माणूसही तोच. पण एका आकड्यावर नग पास आणि दुसऱ्यावर भंगार. चित्रातले रंग दोन्हीकडे सारखेच देखणे.

हा आकडा किती बेभरवशाचा आहे याची जाहीर नोंद आहे. जगातल्या बऱ्याच संशोधन गटांनी एकत्र येऊन तीच दोन कापडं आपापल्या पद्धतीने मोजली. एकूण १६ पद्धती. निकाल २०११ साली छापून आला : प्रत्येकाची मोजणी स्वतःशी जुळत होती, पण एका पद्धतीचा आकडा आणि दुसऱ्या पद्धतीचा आकडा यांत फरक दहापटीपर्यंत. हे सगळे नावाजलेले गट होते, आमच्यासारखे फिरते सल्लागार नव्हेत. मग त्यांनी शहाणपणाचं काम केलं. दाब किती, द्रव किती घट्ट, धागे किती दाबायचे, सगळं आधी ठरवून घेतलं आणि बारा गटांनी पुन्हा मोजलं. २०१४ च्या निकालात नियम पाळणाऱ्यांमधला फरक २५ टक्क्यांच्या आत आला. त्यातून पुढे २०२३ साली आयएसओ ४४१० हे मानकच निघालं. बारा वर्षांच्या या खटाटोपात सॉफ्टवेअरचं नावही नाही. सगळी मेहनत मोजण्यावर.

आपल्याकडे मात्र पैसा खर्च होतो तो लायसन्सवर. कॉलेजं लाखोंचं पॅकेज घेतात आणि पोरं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत आधीपासून भरलेलं युरोपी कापड आणि युरोपी रेझिन निवडतात. कारखान्यात येणारा कापडाचा रोल वेगळा, विणकाम वेगळं, शिवणीचा दोरा वेगळा. रोलच्या कागदावर काय छापलेलं असतं? जीएसएम, रुंदी, धाग्याची दिशा. पर्मिएबिलिटीचा रकाना मला अजून एकाही पुरवठादाराच्या कागदावर दिसलेला नाही.

बरं, हे मोजायला काय मोठी प्रयोगशाळा लागते असंही नाही. जाड काचेचं टेबल घ्यायचं. त्यावर कापडाची दहा सेंटीमीटर रुंद, अर्धा मीटर लांब पट्टी, वर बॅग, एका टोकाला पंप. दुसऱ्या टोकाला रेझिनऐवजी सूर्यफुलाचं तेल, कारण ते जमत नाही आणि टेबल पुसून लगेच पुन्हा वापरता येतं. तेल किती घट्ट आहे तेही त्याच खोलीत, त्याच तापमानाला मोजायचं, बाटलीवर विसंबायचं नाही. बॅगवर दर पाच सेंटीमीटरला मार्करने रेघ. तेलाची कड रेघेला शिवली की वेळ लिहायची. पट्टीची जाडी डायल गेजने. मग अंतराचा वर्ग आणि वेळ आलेखाच्या कागदावर मांडले की ठिपके एका सरळ रेषेत बसतात आणि रेषेच्या चढावरून आकडा निघतो. ठिपके रेषा सोडून वाकले तर बॅग गळतेय किंवा तेल कडेने पळालंय, असं समजावं. दहावी झालेल्या पोराला हे एका दुपारी शिकवता येतं. रेझिनचं ओलं होणं आणि तेलाचं ओलं होणं अगदी एक नाही, हे खरं. पण काहीच न मोजण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

कडेने पळण्यावरून आठवलं. भोसरीतल्या एका शेडमध्ये मी लॅपटॉपवर झाकणाच्या एका कामाचं चित्र दाखवत होते. तिथे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “ताई, यातलं कापड कुणी कापलंय?”

म्हटलं, “मामा, हे कॉम्प्युटरमधलं कापड. कुणी कापलेलं नाही.”

“तरीच बरोबर बसलंय.”

आजूबाजूची पोरं हसली. मामांचं म्हणणं असं होतं की त्यांच्याकडे कापणारा पोरगा डावखुरा आहे, त्यामुळे साच्याच्या उजव्या कडेला नेहमी दोन-तीन मिलिमीटर फट राहते. त्या फटीतून रेझिन सुसाट पळतं, वरच्या कोपऱ्यातून वळसा घालून परत येतं आणि मधला भाग बेटासारखा कोरडा ठेवतं. मामांनी बोटाने स्क्रीनवर त्या बेटाची जागा दाखवली. मी उजवीकडे तीन मिलिमीटरची फट घालून गणित पुन्हा चालवलं. बेट बोटाच्या जागेपासून फार तर वितीवर आलं.

माझ्या मते सिम्युलेशनचा खरा उपयोग इथे आहे. फट उजवीकडे असेल तर काय, डावीकडे असेल तर काय, दोन्हीकडे, एका कोपऱ्यात, कापडाचा एक थर कमी बसला तर, दुपारी रेझिन पातळ झालं तर, अशी तीस-चाळीस गणितं रात्री लावून घरी जायचं आणि सकाळी बघायचं की बहुतेक वेळा हवा शेवटी कुठे कोंडते. तिथे हवेची नळी काढायची. हे काम कुणी मामा डोक्यात करू शकत नाही, पण कुठली फट खरी आणि कुठली कागदावरची हे मामांशिवाय कुणी सांगू शकत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक कारखान्यांत सिम्युलेशनवाला एसीच्या खोलीत बसतो आणि मामा शेडमध्ये. दोघांची गाठ पडते ती नग भंगारात गेल्यावर, एकमेकांवर ढकलायला.

हवेचंही तेच, कागदावरची वेगळी आणि शेडमधली वेगळी. रेझिनच्या पिंपावरच्या कागदावर जेल टाइम २५ अंशांचा असतो. भोसरीत मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये २५ अंश कुठून आणायचे? गरम रेझिन पातळ होतं, वेगाने पळतं, आणि जेलही लवकर होतं. ढोबळ हिशेब असा की दहा अंश वाढले की रासायनिक क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. डिसेंबरच्या सकाळी याच्या नेमकं उलट. म्हणून थंडीत कॅटॅलिस्ट वाढवायचा, उन्हाळ्यात कमी करायचा, हे प्रत्येक शेडमधल्या मिस्त्रीला पाठ असतं. किती वाढवायचा हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. पावसाळ्यात कुडाळला कापड ओल धरतं ते आणखी वेगळं. पुण्यात एक गंमतही आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर, त्यामुळे हवेचा दाब इथे मुळातच सहा-सात टक्क्यांनी कमी. व्हॅक्यूमचा गेज मुंबईत पाऱ्याच्या ७५० मिलिमीटरच्या पुढे जात असेल तर तोच पंप इथे ७०० च्या आसपास थांबतो. खालून आलेले लोक पंपवाल्याशी भांडतात. पंपात काही बिघडलेलं नसतं, पण रेझिनला ढकलणारा जोरच सहा-सात टक्क्यांनी कमी म्हटल्यावर वेळ तेवढाच वाढणार. सॉफ्टवेअरमध्ये दाबाच्या चौकटीत डोळे झाकून १ बार टाकणाऱ्याच्या हे गावीही नसतं.

आणि हे सगळं भिजण्यापुरतंच झालं. पुढे जाड भागात रेझिन जमताना स्वतःच तापतं. पवनचक्कीच्या सत्तर मीटरच्या पात्याचा बुडखा जिथे सर्वांत जाड असतो तिथे आतली उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. मग जमताना आणि थंड होताना माल आकसतो, आणि काटकोनात केलेला कोपरा साच्यातून निघतो तो अंशभर मिटूनच, कारण जाडीच्या दिशेने आकसणं धाग्यांच्या दिशेपेक्षा जास्त असतं. याचीही गणितं आहेत, चांगली आहेत. त्यांनाही लागतात तेच : आपल्या रेझिनचे, आपल्या हवेतले, मोजलेले आकडे.

आपल्याकडे कौशल्य नाही, असं कुणी म्हणू नये. युद्धनौकेच्या सोनारचं कवच, म्हणजे जे लाटांचा मारा सोसेल पण आवाजाला अडवणार नाही, त्याचा आराखडा पुण्यातल्या दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने केला आणि ते गोव्यात पिळर्णच्या किनेको कंपनीने बनवलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत ते रवाना झालं. संगणकाचा तर प्रश्नच नाही. १९९१ साली ज्या पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा राहिला, तिथे गणितासाठी यंत्र मिळत नाही अशी सबब चालणार नाही. माझी निम्मी कामं साध्या लॅपटॉपवर होतात.

अडतं ते मधल्या फळीत. दोन-तीनशे नगांची ऑर्डर घेणारा, वीस-पंचवीस माणसांचा कारखाना स्वतः मोजणी-खोली काढणार नाही, आणि त्याने काढावी अशी अपेक्षाही चूक. म्हणून माझी मागणी साधी आहे. लघुउद्योगांच्या समूह विकास योजनेत सामायिक सुविधा केंद्राला सरकारी पैसा मिळतो. फायबरच्या कारखान्यांनी त्यातून छान रिसेप्शन आणि सीएडीची दहा टेबलं उभारण्याऐवजी दोन काचेची टेबलं, एक व्हिस्कोमीटर, रेझिनची उष्णता मोजणारं एक यंत्र आणि तापमान धरून ठेवणारी एक खोली मागावी. जवळच्या पॉलिटेक्निकच्या पोरांनी बाजारात मिळणारं प्रत्येक कापड तिथे मोजावं आणि आकडे सर्वांना खुले ठेवावेत. कापडाची पर्मिएबिलिटी ही कुणाची खासगी दौलत नव्हे. ‘स्पर्धकाला फुकट मिळेल’ असं मला एका मालकांनी ऐकवलं. मिळू दे की! त्याचा साचा वेगळा, त्याचा मामा वेगळा.

आणि निविदेतली ती अट बदलावी. ‘सिम्युलेशन रिपोर्ट जोडावा’ एवढ्यावर न थांबता, पहिला नग भरताना ओली कड दर पाच मिनिटांनी कुठे होती त्याची नोंद आणि गणिताने ती कुठे सांगितली होती, हे दोन्ही एकाच कागदावर मागावं. साच्याच्या वर एक मोबाइल टांगला की नोंद होते. जुळलं नाही तर नापास करू नये, का जुळलं नाही ते विचारावं. नुसत्या रंगीत चित्रांचा धंदा एवढ्याने निम्मा बसेल. माझाही थोडा बसेल, बसू दे.

मध्यंतरी एका बैठकीत ऐकलं की आता हे सगळं एआयच करणार, मोजायची गरज नाही. विचारलं, त्याला शिकवणार कशावर? उत्तर आलं, आपल्याकडच्या डेटावर. कुठला डेटा, हे विचारायच्या आत चहा आला.

सरकारची वाट न बघता उद्यापासून करता येण्यासारखं एक काम आहे. कापडाच्या पुढच्या पर्चेस ऑर्डरमध्ये एक ओळ वाढवायची : ५० टक्के धागा धरून दोन्ही दिशांची पर्मिएबिलिटी, आयएसओ ४४१० प्रमाणे, आणि मोजणीचा दिनांक. मी माझ्या तीन-चार ग्राहकांना हे करायला लावलं आहे. पुरवठादारांचं उत्तर जवळपास सारखंच येतं : “मॅडम, हे आजवर कुणी मागितलं नाही.” त्यातल्या एकाने मात्र परवा फोन करून विचारलं, हे मोजून कुठे मिळतं. मी त्याला काचेच्या टेबलाचं माप पाठवलं आहे.